अहवालातले सहा तास



परिषदेच्या स्वागताध्यक्षाने गावाचे कौतुक करावे, देणगीदारांचे आभार मानावेत आणि बाजूला व्हावे, असा प्रघात आहे. आजचे स्वागताध्यक्ष तो थोडा मोडणार आहेत. या सभागृहातल्या, महाविद्यालयांची नेटवर्क सांभाळणाऱ्या बहुतेकांकडे दर महिन्याला वरून एकच मागणी येते, 'इंटरनेट कोण किती वापरतं, त्याचा रिपोर्ट द्या.' रिपोर्ट जातो, त्यावर सही होते, कधी कोणाला मेमोही मिळतो. त्यातल्या रकान्यांचा अर्थ मात्र मागणाऱ्याने विचारलेला नसतो आणि देणाऱ्याने सांगितलेला नसतो.

हा रिपोर्ट ज्याच्या नोंदींतून निघतो, तो प्रॉक्सी सर्व्हर माणसांवर लक्ष ठेवायला जन्माला आला नव्हता. मे १९९४ मध्ये जिनिव्हात पहिली वर्ल्ड वाइड वेब परिषद भरली. तिथे आरी लुओटोनेन आणि केविन आल्टिस यांनी प्रॉक्सीवरचा निबंध मांडला. फायरवॉलच्या आत बसलेल्यांना बाहेरचे वेब दिसावे आणि एकदा आणलेले पान जवळ, म्हणजे कॅशमध्ये, साठवून पुढच्या माणसाला तिथूनच द्यावे, हा त्यामागचा हेतू. पुढे अमेरिकेत हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पाच्या कॅशमधून ड्युएन वेसल्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्क्विड हा प्रॉक्सी उभा केला. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्याच्या आगेमागेच हे सगळे घडत होते. लाइन बारीक आणि महाग, तेव्हा कॅश म्हणजे शुद्ध बचत होती. बचत किती झाली हे पाहायला प्रत्येक विनंतीची नोंद ठेवणारा लॉग आला आणि लॉग डोळ्यांनी वाचवेना म्हणून अहवाल काढणारी साधने आली. पर्लमध्ये लिहिलेले कॅलमॅरिस, ब्राझीलच्या पेद्रो लिनेउ ओर्सो यांचे सार्ग, अशी ती मंडळी. आपल्याकडच्या कित्येक लॅबमध्ये सार्गची ती साधीसुधी एचटीएमएल पाने अजून निघतात.

आता एकच ओळ जवळून पाहू. स्क्विडच्या अ‍ॅक्सेस लॉगमधली ओळ १७१८०००००० अशा आकड्याने सुरू होते आणि दशांश चिन्हापुढे मिलिसेकंद असतात. १ जानेवारी १९७० पासून उलटलेले हे सेकंद. भारतीय वेळेत तो क्षण येतो सोमवार, १० जून २०२४, सकाळचे ११ वाजून ४३ मिनिटे २० सेकंद. दुसऱ्या रकान्यात, समजा, ७२००००० आहे. हे मिलिसेकंद, म्हणजे दोन तास. त्यापुढे यंत्राचा आयपी पत्ता, मग निकाल, बाइट, पद्धत, मागितलेल्या पानाचा पत्ता, वापरणाऱ्याचे नाव (असलेच तर), स्क्विडने माल कुठून आणला ती खूण आणि शेवटी मजकुराचा प्रकार.

मेख अशी की स्क्विड ओळ लिहितो ती व्यवहार संपल्यावर. म्हणजे ही जोडणी सुरू झाली पावणेदहाच्या सुमारास आणि तिचे सगळे बाइट मांडले गेले पावणेबाराच्या खात्यात. रात्री अकराला उघडलेली आणि साडेबाराला मिटलेली जोडणी दुसऱ्या दिवसाच्या अहवालात जाते. पावणेबाराला लाइन तुंबली असा आलेख पाहून कोणी त्या तासाच्या वर्गाला दोष देऊ लागले, तर त्याला आधी दुसरा रकाना दाखवावा.

याहून मोठा घोटाळा 'वापरलेला वेळ' या रकान्याचा. सार्ग तो कसा काढतो? दुसऱ्या रकान्यातल्या मिलिसेकंदांची बेरीज करून. ब्राउझर एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतो. मेलचे पान, नकाशा आणि कसली तरी सूचनासेवा अशा तीन जोडण्या दोन-दोन तास उघड्या राहिल्या की अहवालात सहा तास उमटतात. प्रत्यक्षात प्राध्यापक मॅडम पान उघडे ठेवून दोन तासिका घ्यायला गेलेल्या असतात! महिन्याच्या बेरजेत असे आकडे कधी कधी दिवसाला चोवीस तासांच्या पुढे जातात. तेव्हा सगळे हसतात, पण नऊ-दहा तासांच्या आकड्यावर कोणी हसत नाही, आणि धोका तिथेच आहे.

'नाकारलेल्या' विनंत्यांचेही तेच. जिथे प्रॉक्सी नाव आणि पासवर्ड मागतो, तिथे ब्राउझरची पहिली विनंती नावाशिवाय जाते, स्क्विड ती ४०७ क्रमांकाने परत पाठवतो आणि मग ब्राउझर ओळख देतो. एनटीएलएम पद्धतीत तर असे दोनदा होते. लॉगमध्ये मात्र 'टीसीपी डिनाइड' असे ठळक लिहिलेले. बंदी घातलेले पान उघडू पाहणाऱ्याला ४०३ मिळतो. हे दोन्ही एकाच ढिगात टाकले की सकाळी लवकर येऊन काम करणारा कारकून सर्वांत मोठा उपद्रवी ठरतो. सार्गमध्ये नको असलेले निकाल वगळायची सोय आहे, ती वापरलेली मात्र क्वचित दिसते.

आणि नावे? सार्गला आयपी पत्ता आणि माणसाचे नाव यांची यादी देता येते. पत्ते कायमचे ठरवून दिलेले असतील तर ती उपयोगी. डीएचसीपी दर काही तासांनी पत्ते वाटत असेल, तर सोमवारी देशपांडे सरांच्या नावावर असलेला पत्ता बुधवारी वसतिगृहातल्या एखाद्या मुलाकडे असतो आणि अहवालात सर क्रिकेट पाहत असतात.

एचटीटीपीएस सर्वत्र आल्यापासून तर लॉग सोसायटीच्या फाटकावरच्या वहीसारखा झाला आहे. कोणत्या इमारतीत गेला ते कळते, कोणाकडे आणि कशासाठी ते नाही. ओळीत दिसते फक्त कनेक्ट, संकेतस्थळाचे नाव आणि ४४३. यूट्यूबवर थर्मोडायनॅमिक्सचे व्याख्यान की चित्रपटातले गाणे, हे त्या ओळीतून सांगता येत नाही, आणि स्वागताध्यक्षांचे स्पष्ट मत असे की तसे सांगता यावे म्हणून महाविद्यालयाने एचटीटीपीएस फोडून पाहण्याच्या फंदात पडू नये.

तरीही लॉग ठेवावा लागतोच. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, ते ज्यांना लागू होतात त्यांनी लॉग १८० दिवस जपायचे आणि घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली ठेवायची. स्क्विड मात्र मुळात दहाच जुन्या फायली ठेवतो. रोज एक फाइल बदलली तर अकराव्या दिवशी पहिली गेली. ही सेटिंग घरी गेल्यावर नव्हे, आज रात्रीच तपासावी. उलट बाजूने, पानाच्या पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग लॉगमध्ये न लिहिण्याची स्क्विडची मूळची सवय कोणी बदलली असेल, तर ती पूर्ववत करावी, कारण शोधलेले शब्द त्याच भागात असतात.

मग अहवाल काढायचा कशासाठी? लाइनसाठी. लॅबमधली चाळीस यंत्रे सोमवारी सकाळी उबुंटूची तीच अद्ययावत पॅकेजेस साध्या एचटीटीपीवरून एकेकटी उतरवतात, हे अहवालात पाच मिनिटांत दिसते. कॅश असूनही प्रत्येक ओळीत 'मिस' का, याचे उत्तर बहुतेक वेळा स्क्विडच्या मूळ सेटिंगमध्येच सापडते. डिस्कवरची कॅश आपण होऊन चालू केलेली नसते आणि चार एमबीपेक्षा मोठी फाइल साठवायचीच नाही असे ठरलेले असते. ही मर्यादा वाढवावी, आणि सेटिंगच्या फायलीत तिची ओळ कॅशची जागा ठरवणाऱ्या ओळीच्या वर लिहावी, नाहीतर लागू होत नाही. मग पुढच्या महिन्यात विनंत्यांचे प्रमाण न पाहता बाइटचे प्रमाण पाहावे. छोट्या चित्रांच्या हजार 'हिट'पेक्षा एका मोठ्या पॅकेजचा 'हिट' लाइनला जास्त हलके करतो.

दुपारच्या सत्रात प्रत्येकाने आपापल्या संस्थेचा एक अहवाल, नावे झाकून, समोर ठेवावा अशी स्वागत समितीची विनंती आहे. आता अध्यक्षांनी परिषदेचे कामकाज सुरू करावे.