पन्नास हजारांत काय घ्यायचं? गेमचा संगणक की कन्सोल

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमांत सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



समितीने मला विषय दिला तेव्हा मी म्हटलं, अहो, मी काही गेम खेळणारा माणूस नाही. माझी उभी नोकरी नागापूर एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनेलच्या देखभालीत गेली. त्यावर सचिव म्हणाले, "म्हणूनच तुम्ही. पॅनेल गार ठेवणारा माणूस संगणकही गार ठेवतो." हे मात्र खरं आहे. लोखंडी पेटी, आत तापणारे भाग, पंखा, जाळी आणि नगरची धूळ. पॅनेल असो की गेमचा संगणक, गणित एकच. आपल्या तिन्ही विंगमधल्या मुलांसोबत बसून मी चार संगणक जोडले आहेत. त्या अनुभवावर बोलतो.

या विषयाला निमित्त झालं ते एका ताईंच्या प्रश्नाचं. त्यांचा मुलगा यंदा डिप्लोमाला गेला. त्या म्हणाल्या, "भाऊ, भिशीचे पन्नास हजार उचललेत. पोराला गेमचं यंत्र हवंय. पैसे एकदाच खर्च होणार आहेत, पुन्हा जमतील तेव्हा जमतील. वाया जाणार नाही असं काहीतरी सांगा." पन्नास हजार ही आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात लहान रक्कम नाही. म्हणून नीट हिशोबानेच बोलू.

आधी फरक समजून घ्या. कन्सोल म्हणजे तयार फ्लॅट. किल्ली घ्या, राहायला जा. भिंत हलवता येत नाही, खोली वाढवता येत नाही, पण वीट-सिमेंटची चिंताही नाही. जोडलेला संगणक म्हणजे प्लॉट घेऊन बांधलेलं घर. पाया किती खोल, खिडकी कुठे, वरचा मजला कधी चढवायचा, सगळं आपण ठरवायचं आणि डोकेदुखीही आपणच घ्यायची. आपल्या पिढीने दोन्ही पाहिलं आहे. टीव्हीला लावायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम आठवतो ना? मारिओ आणि कॉन्ट्रा? तो कन्सोलच. आणि सोसायटी उभी राहिली त्या सुमारास घरोघरी आलेला 'असेंबल्ड' कॉम्प्युटर, ज्याचे भाग कोणी पुण्याहून, कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचं, तो दुसरा प्रकार.

आता पैशाचं. प्लेस्टेशन ५ भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत 49,990 रुपये होती, पुढे ती वाढली. तेवढ्याच पैशात तेवढ्या ताकदीचा संगणक जोडता येत नाही, हे आधीच सांगतो. कंपन्या कन्सोल फार कमी नफ्यावर, कधी तोट्यातही विकतात आणि कमाई पुढे गेममधून काढतात. प्लेस्टेशनचे मोठे नवे गेम 4,999 रुपयांना आले आहेत. विकत घेतलेले बरेचसे गेम ऑनलाइन मित्रांबरोबर खेळायला वेगळी वर्गणी लागते. संगणकावर ती वर्गणी नाही, गेमचे सेल वारंवार लागतात, काही गेम फुकटही मिळतात. म्हणजे कन्सोल घेताना स्वस्त, चालवताना महाग. संगणकाचं उलटं. मूल वर्षाला दोनच गेम खेळणार असेल तर कन्सोल परवडतो. दर महिन्याला नवा हवा असेल तर संगणक.

आता माझ्या आवडीचा भाग, गारवा. यंत्र जेवढी वीज खातं, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. मध्यम ताकदीचा गेमचा संगणक खेळताना साधारण 300 वॅट घेतो. शांत बसलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता देतो. म्हणजे मूल खेळत असताना खोलीत तीन पाहुणे जास्त बसले आहेत असं समजा. कन्सोल 200 वॅटच्या आसपास, म्हणजे दोन पाहुणे. विजेचा हिशोबही यातच आला. रोज तीन तास खेळलं तर संगणकाचे महिन्याला 27 युनिट, कन्सोलचे 18. फरक नऊ युनिटचा. "संगणकाने बिल दुप्पट होतं" असं आपल्याकडे बोललं जातं, त्याला आधार नाही.

दुसरी गोष्ट. पंखा लावा की पाण्याचा कूलर लावा, यंत्र खोलीच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. काही मुलांना वाटतं, पाणी फिरवलं की फ्रीजसारखं होतं. तसं नाही. पाणी फक्त प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं, तिथे ती पंख्याने हवेतच सोडावी लागते. ही युक्ती नगरला नवी नाही बरं का! 1583 साली पुरा झालेला आपला फराहबाग महाल भर तलावात बांधला तो गारव्यासाठीच. मुर्तजा निजामशहा तिथे बुद्धिबळ खेळत बसायचा असं सांगतात. म्हणजे खेळायची जागा पाण्याने गार ठेवायची रीत आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीची आहे. फक्त त्याच्याकडे मोठा तलाव होता, आपल्याकडे दहा बाय दहाची खोली आहे. मध्यम संगणकाला पाण्याची गरजच नाही. चांगला हवेचा कूलर पुरतो, गळायची भीती नाही आणि वाचलेले पैसे दुसरीकडे लागतात.

आता मे महिना धरा. खोली 25 अंश असताना प्रोसेसर 70 अंशावर चालत असेल, तर वरच्या मजल्यावर स्लॅब तापून खोली 40 झाली की तोच प्रोसेसर 85 च्या घरात जातो. एएमडीच्या बऱ्याच रायझेन प्रोसेसरची मर्यादा 95 अंश आहे. त्याच्या जवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि मुलगा ओरडतो, "लॅग होतंय!" यंत्र बिघडलेलं नसतं, त्याला श्वास घ्यायला जागा नसते. म्हणून चार नियम लिहून घ्या.

पहिला, हवा पुढून आत आणि मागून-वरून बाहेर. आत घेणारे पंखे जास्त ठेवा, म्हणजे फटींतून हवा बाहेर ढकलली जाते आणि धूळ जाळीतूनच आत यायचा प्रयत्न करते. जाळी धुता येते, फटी धुता येत नाहीत. दुसरा, पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. भिंतीपासून वीतभर अंतर हवंच. तिसरा, डेझर्ट कूलरचा झोत सरळ पेटीवर नको. ओलावा आणि आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार, दोन्ही विद्युत भागांचे शत्रू. चौथा, दोन-तीन महिन्यांनी वीज बंद करून ब्लोअर मारा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती वाऱ्याने गरगर फिरू देऊ नका. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरते. भाकरीवर लोणी लावतो तशी थापायची नसते.

कन्सोलला उष्णता लागत नाही असं समजू नका. 2005 साली आलेल्या एक्सबॉक्स 360 मध्ये तापण्या-निवण्याने आतले सांधे सुटायचे आणि तीन लाल दिवे लागायचे. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही उष्णतेने घाम फोडला! त्यानंतरचे कन्सोल बरेच सुधारले. प्लेस्टेशन ५ ची बाजूची झाकणं निघतात आणि धूळ साठायची भोकं व्हॅक्यूमने साफ करता येतात. त्याहून आत मात्र घरी हात घालू नका. प्रोसेसरवर पेस्टऐवजी पातळ धातू आहे आणि तो वीज वाहून नेतो. टीव्हीच्या शोकेसमध्ये काचेआड कन्सोल ठेवणाऱ्यांनी आज घरी गेल्यावर तो बाहेर काढावा, ही विनंती.

विजेबद्दल एवढंच, यंत्र कोणतंही घ्या, आधी त्या खोलीचं अर्थिंग तपासा. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ती गंमत नाही. साधा 600 व्हीएचा यूपीएस काम जतन करून बंद करण्यापुरता पुरतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा.

मग ताईंना काय सांगितलं? त्यांना विचारलं, मुलगा काय शिकतोय? मेकॅनिकल. म्हणजे त्याला ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लागणार, ते कन्सोलवर चालत नाही. म्हटलं, आत्ता 5600जी सारखा, चित्र दाखवायची सोय आतच असलेला प्रोसेसर घ्या. ग्राफिक्स कार्ड आज नको. पेटी हवेशीर आणि पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा 550 वॅटचा घ्या, तिथे काटकसर नको. पायाच वरच्या मजल्याच्या हिशोबाने घाला. अभ्यास आजपासून सुरू, हलके गेम आजपासून सुरू. पुढची भिशी लागली की कार्ड चढवा. आणि त्याच वेळी दुसऱ्या एका घराला मी कन्सोल घ्या म्हणालो. तिथे लॅपटॉप आधीच आहे, आजोबा-नातू टीव्हीसमोर मिळून क्रिकेट खेळतात, कोणाला स्क्रू फिरवायची हौस नाही. दोन्ही सल्ले बरोबरच आहेत, कारण दोन्ही घरं वेगळी आहेत.

मुलांनो, तुम्हाला एकच सांगतो. संगणक हवा असेल तर तो जोडताना दुकानात आई-बाबांबरोबर बसा. कोणता भाग कशासाठी, हे ज्याला सांगता येतं, त्याच्याच हातात तो टिकतो.

शेवटी समितीला सूचना. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून तिन्ही विंगच्या अर्थिंगची तपासणी करून घ्यावी, पंचवीस वर्षांत जमिनीतले खड्डे कोरडे पडतात. आणि एक चांगला ब्लोअर सोसायटीच्या नावे घ्यावा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी या सभागृहात बसेन. ज्याने त्याने आपली पेटी घेऊन यावं, साफ करून न्यावी. ज्येष्ठांचे जुने संगणकही चालतील. एकट्याने महाग पडतं ते मिळून स्वस्तात करायचं, यासाठीच तर सोसायटी असते.