वेताळाच्या लेकीचं काय झालं?

आज बचतीचा हिशेब नाही की कर्जफेडीचा तगादा नाही. आज गोष्टींबद्दल बोलू, आणि तेही अर्धवट राहिलेल्या गोष्टींबद्दल.

तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या बायकांना ‘इंद्रजाल कॉमिक्स’ आठवत असेल. घरात शाळेत जाणारा भाऊ असेल तर नक्कीच, कारण ती पुस्तकं मुलांच्या दप्तरात लपलेली असायची आणि पोरी ती त्यांच्यामागे चोरून वाचायच्या. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियानं मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि ती मराठीतही निघायची. आता पुण्यात जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडे एखादा अंक सापडला तर सापडला.

त्यातला सगळ्यांचा लाडका म्हणजे वेताळ. मूळ इंग्रजीत त्याला फँटम म्हणतात. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकानं १९३६ साली त्याला जन्माला घातलं. डोळ्यांवर मुखवटा, जंगलात कवटीच्या आकाराची गुहा, सोबत घोडा आणि लांडगा. लोकांना वाटतं हा चारशे वर्षं जिवंत आहे, कधी मरतच नाही. खरी गोष्ट अशी की बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आपल्या गोष्टीतला वेताळ एकविसावा. आपल्याकडे छापताना संपादक काही नावंही बदलायचे. वेताळाच्या बापाला मारणाऱ्या खलनायकाचं मूळ नाव रामा होतं. ते इथे कोणाला रुचणार? मग त्याचा रामालू झाला.

तर या गोष्टींत धागे फार सुटलेले असायचे. त्याचं कारण साधं आहे. या गोष्टी मुळात वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटी अशा यायच्या. उद्या पुन्हा वाचक हवा, म्हणून आज काहीतरी लोंबकळत ठेवायचं. पुढे त्यांचं पुस्तक करताना पानं ठरलेली, तेव्हा संपादक कात्री लावायचे. कात्रीत काय गेलं हे वाचणाऱ्याला कळायचंही नाही.

पण सगळ्यात जास्त लोंबकळल्या त्या बायका. वेताळाची डायना पहिल्या गोष्टीपासून त्याच्यासोबत आहे. शिकलेली, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी. दोघांचं लग्न लागलं १९७७ साली, म्हणजे एकेचाळीस वर्षांनी! जादूगार मँड्रेकची नार्डा तर तिच्याही पुढची. मँड्रेक १९३४ सालचा आणि लग्न १९९७ सालचं. आपल्याकडे मुलगी पंचविशीची झाली की शेजारणीला झोप लागत नाही.

लोंबकळलेली गोष्ट वाईटच असते असं नाही हं. ‘चांदोबा’तला विक्रम राजा आठवा. १९५२ पासून मराठीत येणाऱ्या त्या मासिकात तो दर महिन्याला प्रेत खांद्यावर घ्यायचा, तोंड उघडायचा, आणि तो दुसरा वेताळ पुन्हा झाडावर जायचा. मूळ वेताळ पंचविशीत हे संपतं. शेवटच्या गोष्टीत बाप आणि मुलगा यांना दोन बायकांच्या पावलांचे ठसे दिसतात. ठरतं की मोठ्या पावलाची बापानं करायची, लहान पावलाची मुलानं. पुढे कळतं की त्या मायलेकी आहेत आणि मोठं पाऊल लेकीचं आहे. मग त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजा गप्प बसतो आणि तिथेच सुटतो. चांदोबानं मात्र राजाला सोडलं नाही. नव्या नव्या गोष्टी रचून वर्षानुवर्षं चालवलं. वाचणाऱ्यालाही तेच हवं होतं.

मला मात्र खटकतो तो वेगळा धागा. डायनाला १९७९ मध्ये जुळं झालं. मुलगा किट आणि मुलगी हेलॉईज. आता बाविसावा वेताळ कोण? प्रथा अशी की मुलगाच. गंमत म्हणजे ली फॉकनं १९५२ मध्येच एक गोष्ट लिहिली होती. सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्युली, भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा तिनं तोच पोशाख घालून त्याचं काम केलं. गुंड तिलाही तितकेच घाबरले. पण मोजणी करताना तिला धरत नाहीत. वेताळ एकवीसच. राबली ती, आकडा भावाचा.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. किट आणि हेलॉईज तेव्हा लहानच होते. ली फॉक १९९९ मध्ये गेला, इंग्रजी मालिका दुसऱ्यांनी पुढे चालवली, पण मराठी वाचणाऱ्या पोरींसाठी ती गुहा कोणाची हा प्रश्न तिथेच राहिला.

ही गोष्ट मी एका गटाच्या बैठकीत सांगितली आणि विचारलं, गुहा कोणाला द्यायची? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, दोघांना. मग विचारलं, माहेरच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाचं नाव आहे? बारा जणींत दोन हात वर आले. एक ताई म्हणाल्या, “मी हक्कसोडपत्रावर सही दिली. भाऊ दिवाळीला साडी घेतो, आजारपणात धावून येतो. जमीन मागितली असती तर माहेर राहिलं असतं का?” याला मी पुस्तकातलं उत्तर देऊ शकत नाही. शेजारच्या ताई मात्र तडकल्या, “मला तर सही कशावर केली तेच वाचून दाखवलं नव्हतं.” या दोन सह्या मला सारख्या वाटत नाहीत.

कायदा मात्र लोंबकळत राहिलेला नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून देशाच्या कायद्यानं लग्न झालेल्या मुलींनाही घेतलं. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, यावर वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तशी अट नाही.

तेव्हा माहेरी वडील गेले असतील तर वारस नोंदीच्या अर्जात बहिणींची नावं आहेत का ते तलाठ्याकडे विचारा. फेरफाराची नोटीस निघाली की हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं. तिथे सही करण्याआधी कागद घरी आणा, गटातल्या वाचता येणाऱ्या बाईकडून मोठ्यानं वाचून घ्या, आणि मग द्यायची तर द्या.

पुढच्या बैठकीत ती मायलेकींच्या पावलांची गोष्ट घालून बघा. नात्याचं उत्तर कोणाला सापडलं तर आमच्या केंद्रावर जरूर कळवा.