चढावरची उचल
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



कमिटीने मला 'निवृत्तीनंतरचा व्यायाम' हा विषय दिलाय. उपदेश करायचं माझं वय आहे, पण आज मला एक जुनी बाकी चुकती करायची आहे.

२०१६ साली मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळालो. वय ६४. नोटीस बोर्डावर 'आपले मार्गदर्शक' म्हणून माझं नाव झळकलं होतं. तळमजल्यावरच्या वहिनीही पहिल्यांदाच पळणार होत्या. तीन महिने मी त्यांना पर्वतीच्या पायऱ्या चढायला लावल्या आणि एकच गोष्ट घोकून घेतली: चढावर चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, कोणी पुढे गेलं तरी जाऊ द्यायचं.

ही शर्यत २१ किलोमीटर आणि वर घाटाची चढण. साताऱ्यातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परत. म्हणजे जाताना चढ, येताना उतार. दिवस पावसाळ्याचे. धुकं, भुरभुर पाऊस. हवा इतकी दमट की घाम वाळत नाही. गार वाटतं म्हणून पाणी प्यायचं राहून जातं.

घाटात ढोल वाजत होते. पोरं ओरडत होती, "काका, चला!" झालं! काकांच्या अंगात आलं. चालायचं ते एक मिनिट मी एकदाही चाललो नाही. दीड तासात वरच्या वळणाला पोचलो. वहिनी बऱ्याच मागे होत्या. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

उतार सोपा, हा सगळ्यांचा गैरसमज. उतारावर मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करतात. चढावर ते थकवून ठेवले असतील तर ब्रेक लावायचा कशाने? आम्ही बँकवाले, आम्हाला हे कळायला हवं होतं. चढावर उचल घेतली की उतारावर व्याजासकट वसुली होते. पाच किलोमीटर उरले असताना दोन्ही मांड्यांत असा गोळा आला की कठड्यावर बसलो. मागून गाडी आली. "काका, बसताय का?" मला नोटीस बोर्ड दिसायला लागला.

तेवढ्यात वहिनी आल्या. चेहऱ्यावर दमणूक नाही. थांबल्या, कमरेच्या पिशवीतून मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली काढून दिली. म्हणाल्या, "काका, चढ चालत घ्यायचा हे तुम्हीच शिकवलंत ना?" टोमणा नव्हता तो, त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. त्या माझ्याबरोबर चालायला लागल्या. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, तीन तासांच्या आत बसाल." दोनदा मागे वळून पाहत त्या गेल्या.

त्यांना लागले २ तास ५८ मिनिटं. मला ३ तास २४, त्यातला शेवटचा तास चालत.

संध्याकाळी आपल्या गेटवर तुम्ही हार आणला होता. तो माझ्या गळ्यात पडला. मी घालून घेतला. "सरांनी करून दाखवलं," असं कोणीतरी म्हणालं, मी मान डोलावली. वहिनी बाजूला उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. घाटात काय झालं ते त्यांनी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही, मला विचारून खात्री केली आहे. आमच्या मंडळींना मात्र माझं जिने उतरणं पाहूनच सगळं कळलं होतं!

नऊ वर्षं झाली. शिकवणं आणि पाळणं यांतला फरक मला त्या कठड्यावर कळला, पण कबूल करायला गेटवर धीर झाला नाही. आज झालाय. वहिनी, जरा स्टेजवर या. हार मी आणलाय.

आणि बाकीच्यांनी लक्षात ठेवा, रविवारी पहाटे साडेपाचला गेटवर जमायचं. चढावर पुढे वहिनी राहतील. मी मागून चालत येईन.