झुडपाचे झाड करताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या अंगणातील पांढऱ्या तुऱ्यांचे झाड आपण दर गणेशोत्सवात पाहता. ते मूळचे झाड नव्हे, झुडूप आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. म्हणून चिटणीसांनी आज आम्हांस उभे केले आहे.

सिमल्यात बागांतून दिसणारा निळा-गुलाबी हायड्रेंजिया निराळा. त्याचा रंग मातीवर ठरतो. आम्लधर्मी मातीतील ॲल्युमिनियम मुळांना मिळाले की फूल निळे होते. आमचा हा हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा, जपान-चीनकडचा. (जपानात त्याच्या सालीतील चिकट द्राव हातकागद करताना वापरीत आले आहेत.) त्याचे शंकूसारखे तुरे कोणत्याही मातीत पांढरेच उमलतात व पुढे गुलाबी होत जातात. याहून महत्त्वाचा भेद असा की निळ्याची फुले बहुधा गेल्या वर्षीच्या फांदीवर येतात, याची चालू वर्षाच्या फुटीवर. म्हणून हिवाळा सरता सरता, डोळे फुटण्यापूर्वी, याची छाटणी निर्धास्तपणे करावी. निळ्यावर तोच प्रयोग कराल तर त्या वर्षी फुलांना मुकाल. आम्ही मुकलो होतो. घरातून ते अद्याप ऐकवले जाते.

२०१५ साली आम्ही येथे बदलून आलो, तेव्हा एका स्नेह्यांनी मुळे फुटलेली काडी दिली. तिची सर्वांत सरळ व जोमदार फूट तेवढी राखली आणि काठी रोवून सुतळीने सैल बांधली. बुडाचे धुमारे काढीत गेलो. खोडावरची पाने मात्र राहू दिली, कारण खोड भरते ते पानांच्याच जोरावर. साडेचार फुटांवर शेंडा खुडला, तेव्हा माथ्यावर फांद्या फुटल्या. २०१८ च्या जुलैत खोड अंगठ्याएवढे झालेले पाहून आम्ही काठी काढली. काठीविना झाड शोभून दिसते, एवढेच कारण! त्याच आठवड्यात रात्रभर पाऊस कोसळला. तुरे पाण्याने जड झाले आणि सकाळी पाहतो तो खोड मध्यावर मोडलेले.

सरकारी नोकरीतला माणूस काळ तीन-तीन वर्षांनी मोजतो. आमची तीन वर्षे त्या रात्री गेली. मुळे जिवंत होती, म्हणून बुडाचा एक धुमारा पुन्हा काठीला बांधला. तोच २०१९ च्या आरंभी दिल्लीचा हुकूम आला. क्वार्टरमध्ये पुढे कोण येणार, त्यास बागेची आवड असेल की नाही, कोण जाणे. तेव्हा फेब्रुवारीत, पाने नसताना, रोप मातीच्या गड्ड्यासकट आणून येथे लावले आणि शेजारच्या वहिनींच्या हाती एक कागद दिला: छाटताना मागील वर्षीच्या फांदीवर डोळ्यांच्या दोन जोड्या ठेवाव्या, मे महिन्यात सकाळी भरपूर पाणी, आळ्यात देवदाराच्या सुयांचा थर, फांद्यांवरचा बर्फ हलकेच झाडावा.

वर्षभरात वहिनींचीही बदली झाली. २०२३ साली आम्ही परतलो, तेव्हा त्या कागदाची घडी विरत आली होती आणि त्यावर आणखी तीन हस्ताक्षरे होती. एकाने छाटणीच्या तारखा लिहिल्या होत्या, एकाने पहिल्या तुऱ्याचा दिवस. तिसरे अक्षर लहान मुलाचे असावे. त्याने तळाशी लिहिले होते, ‘काठी काढू नये.’

ती अजून तशीच आहे.