वर्गणी नव्हे, आपट्याचे पान

दिवाळी आली की अनेक कचेऱ्यांत साहेबांच्या भेटीसाठी वर्गणीची यादी फिरू लागते. शिपायानेही अधिकाऱ्याइतकीच रक्कम द्यावयाची! ही समता नव्हे. ज्याचे वेतन कमी, त्याच्यावर भार अधिक. जिथे नकाराची सोय नाही, तिथे भेटीचा नजराणा होतो.

मालकाकडून येणारी मिठाई आनंदाने घ्यावी. परंतु तिने बोनसची जागा घेता कामा नये. १९६५ च्या कायद्याने बोनस हा कामगारांचा हक्क ठरविला, मेहेरबानी नव्हे.

दसऱ्याचे आपट्याचे पान साहेबाच्या हाती नि शिपायाच्या हाती सारख्याच मोलाचे असते. म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या कचेरीत एवढे करावे : यादीत रकमा लिहू नयेत आणि कंत्राटी सफाई कामगाराला फराळातून वगळू नये.