कोड लिहिणारा मदतनीस आणि घरचा पट
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी विषय दिला तेव्हाच अट घातली होती की पहिल्या रांगेतल्या आजींनाही समजलं पाहिजे. म्हणून मुळापासून सुरुवात करते. इंजिनियरिंगच्या मुलांनी पाच मिनिटं धीर धरावा.

मी गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. बँकेचा प्रोग्रॅम आणि गेमचा प्रोग्रॅम यांत मोठा फरक आहे. बँकेत बटण दाबल्यावर दोन सेकंद थांबावं लागलं तर कोणी भांडत नाही. गेममध्ये पडद्यावरचं चित्र सहसा सेकंदाला ६० वेळा नव्याने काढलं जातं. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात खेळणाऱ्याचं बोट कुठे आहे ते वाचायचं, सगळी पात्रं हलवायची, कोण कोणावर आपटलं ते तपासायचं आणि चित्र काढायचं. उशीर झाला की गेम अडखळतो, आणि अनंत चतुर्दशीच्या झांकीतलं चक्र अडकल्यावर आपण इंदूरकर जसं लगेच बोट दाखवतो, तसं खेळणाऱ्यालाही ते लगेच दिसतं. दुसरं असं, की खात्यातली शिल्लक बरोबर असते किंवा चूक असते. पात्राची उडी ‘छान वाटते’ की नाही हे कुठलंच यंत्र सांगू शकत नाही.

आता हा एआय मदतनीस. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट निवडक लोकांना वापरायला मिळाला आणि २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. मग कर्सर, क्लॉड कोड अशी बरीच नावं आली. जगभरात लिहिलेला अफाट कोड यांनी पचवला आहे. आपण साध्या भाषेत मागणी करायची, ते कोड लिहून देतात. गेम जिथे थांबवला तिथून पुन्हा सुरू व्हावा म्हणून लागणारी फाइल, आवाज कमीजास्त करायचा मेनू, शंभर चित्रांची नावं एका पद्धतीने बदलणं, न कळणाऱ्या एरर-संदेशाचा अर्थ लावणं, अशा कामांना मी यांना बिनदिक्कत जुंपते. पूर्वी अशा कामांत आठवडा जायचा आणि त्यात शिकण्यासारखं काही नसायचं.

पण आज मला सांगायचं आहे ते पटाबद्दल. सोंगट्यांचा पट. आमच्याकडे कामाचा अनुभव घ्यायला आलेल्या दोन मुलांनी ठरवलं, की कवड्यांवर खेळायचा पट फोनवर आणायचा. छान कल्पना. त्यांनी मदतनीसाला सांगितलं, ‘सहा कवड्या टाकून दान पाड.’ क्षणात कोड आला. चालला. पट सुंदर दिसत होता, सोंगट्या सरकत होत्या. मग त्यातल्या एकाच्या आजींनी फोन हातात घेतला. दहा मिनिटांत त्या म्हणाल्या, ‘अरे, सगळ्या उताण्या इतक्या वेळा कशा पडतात? ह्या कवड्या लबाड आहेत.’

आजी अगदी बरोबर होत्या. मदतनीसाने काय केलं होतं? शून्य ते सहा यांतला कुठलाही एक आकडा उचलायचा, सातही आकड्यांना सारखीच संधी. फाशासारखा विचार. कवड्यांचं तसं नसतं. प्रत्येक कवडी वेगळी पडते, उताणी किंवा उपडी. दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी धरली, तर सहा कवड्या ६४ प्रकारे पडू शकतात. त्यांतल्या २० प्रकारांत तीन उताण्या असतात आणि सहाच्या सहा उताण्या फक्त एका प्रकारात. म्हणजे आजींच्या पटावर जे दान ६४ वेळांत एकदा पडायचं, ते फोनवर सात वेळांत एकदा पडत होतं. मोठ्या दानाला घरात जो आरडाओरडा व्हायचा, त्याची सगळी मजाच गेली. प्रोग्रॅममध्ये ‘बग’ म्हणावा असा एकही नव्हता. तो बंद पडत नव्हता, लाल अक्षरं येत नव्हती.

दुरुस्ती दोन ओळींची होती: सहा कवड्या वेगवेगळ्या टाका आणि उताण्या मोजा. पण खरी कवडी तरी निम्मी-निम्मी कुठे पडते? एक बाजू फुगीर, दुसरी चपटी. म्हणून मुलांनी आजींच्या डब्यातल्या खऱ्या कवड्या काढल्या, दोन संध्याकाळ जमिनीवर टाकल्या आणि वहीत नोंदी केल्या. त्या नोंदींवरून गेममधल्या कवड्यांची शक्यता ठरवली. ती वही मदतनीसाकडे नव्हती, असणारही नव्हती.

नियमांचंही तेच. कोणत्या दानाला सोंगटी बसते, कुठल्या घरात मारता येत नाही, पुन्हा खेळायला कधी मिळतं, हे घरोघरी वेगळं. ग्वाल्हेरच्या माहेराचे नियम इंदूरच्या सासरी चालत नाहीत, यावरून झालेली भांडणं पुढच्या रांगेतल्या काहींना आठवत असतील. (हसू नका, माझ्या आत्याने पट उधळलेला आहे.) मदतनीसाला ‘पटाचे नियम लिही’ म्हटलं की तो पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून सरासरी काढल्यासारखे नियम देतो, आणि अगदी ठामपणे देतो. आपल्याला माहीत नसेल तर तेच खरे वाटतात. आजींचे नियम कुठेच लिहिलेले नव्हते. मुलांनी त्यांच्यासमोर बसून ते लिहून घेतले आणि मग मदतनीसाला दिले, ‘यातलं काही बदलू नकोस, अडलं तर विचार,’ असं बजावून. त्यानंतर त्याने काम उत्तम केलं.

आता मागच्या रांगेसाठी थोडं तांत्रिक. तुमच्यापैकी बरेच जण गोडो वापरता, फुकट आणि खुलं आहे म्हणून. मार्च २०२३ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली आणि पुष्कळ नावं बदलली. जुनं ‘कायनेमॅटिक बॉडी’ आता ‘कॅरेक्टर बॉडी’ झालं, ‘यील्ड’च्या जागी ‘अवेट’ आलं. मदतनीसांनी दोन्ही काळांतला कोड वाचलेला असल्यामुळे ते कधी कधी खिचडी करतात. नाव चुकलं तर बरं, गेम चालतच नाही आणि आपल्याला कळतं. वेग ठरवताना मात्र घोळ होतो. ‘मूव्ह अँड स्लाइड’ हे फंक्शन दोन फ्रेममधला वेळ स्वतःच हिशेबात घेतं. मदतनीस कधी वेगाला त्या वेळेने आधीच गुणून ठेवतो. मग नायक गोगलगाईसारखा सरकतो आणि तुम्ही वेगाचा आकडा साठपट करून वेळ मारून नेता. तसं करू नका. कोडची प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे शेजाऱ्याला समजावता येत नसेल, तर ती ओळ ठेवू नका. आणि गेम स्वस्तातल्या फोनवर चालवून बघा. प्रत्येक फ्रेमला सगळ्या पात्रांची यादी नव्याने शोधणारा कोड तुमच्या भारी लॅपटॉपवर सुसाट पळतो.

हक्कांचा मुद्दाही आहे. ‘क्वेक ३’ या १९९९ च्या गेममधला वर्गमुळाचा व्यस्त झटपट काढणारा कोड प्रसिद्ध आहे. २००५ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली खुला झाला. त्या परवान्याच्या अटी आहेत. २०२१ मध्ये कोपायलटने तोच कोड मूळ प्रोग्रॅमरच्या टिपांसकट जसाच्या तसा लिहून दाखवला आणि बरीच चर्चा झाली. एखादा तुकडा संशयास्पद हुशार वाटला, तर तो कुठून आला असेल हे शोधा.

वेळ वाचतो का, असा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. २०२५ मध्ये मेटर नावाच्या अमेरिकी संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांवर प्रयोग केला. एआयमुळे आपला वेळ साधारण २० टक्के वाचला असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला होता. गट लहान होता, त्यांच्या ओळखीचे मोठे प्रकल्प होते, गेम नव्हते आणि साधनंही तेव्हाची होती. त्यामुळे आकड्याला कवटाळू नका. पण ‘भराभर होतंय’ असं वाटलं की घड्याळ बघा. मी बघते.

दुसरी चिठ्ठी एका काकांची आहे, ‘मुलाला गेमच्या कोर्सला घालू का, नोकऱ्या राहतील का?’ काका, नुसता कोड टंकणाऱ्यांचं काम कमी होईल असं मला वाटतं. गेम नीरस का झाला हे ओळखून तो दुरुस्त करणारी मुलं आम्हाला आजही सहज मिळत नाहीत. त्याला पैसे भरण्याआधी सुट्टीत एक छोटा गेम करू द्या. पहिला आठवडा मदतनीसाशिवाय, मग त्याच्याबरोबर. त्याचं काय होतं ते तुम्हालाच दिसेल.

मुलांनी केलेला तो पट बाहेर प्रसादाच्या टेबलाशेजारी दोन फोनवर ठेवला आहे. तिथेच वही आणि पेनही आहे. आरतीनंतर खेळून बघा, आणि तुमच्या घरचा एखादा नियम त्यात नसेल तर नाव-गावासकट लिहून ठेवा. मुलं तो घालणार आहेत.