नाव पुकारण्याचं काम



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण गेली सहा वर्षं ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर मी आणखी एक काम करते. ओहायोत आमच्या गावातल्या विद्यापीठाच्या महिला व्हॉलीबॉल सामन्यांना मी माइकवर निवेदन करते. संयोजकांनी त्याबद्दलच बोलायला सांगितलं, म्हणून हे चार शब्द.

तिकडे या खेळाचं वेड मोठं आहे. २०२३ साली नेब्रास्का विद्यापीठाच्या एका महिला व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ प्रेक्षक आले होते. आमचं सभागृह त्यामानाने अगदी लहान, पण काम तेच.

हे समालोचन नव्हे. बाळ पंडितांचं मराठी समालोचन रेडिओवर ऐकणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना सामना दिसत नव्हता, तो शब्दांतून उभा करावा लागे. माझ्यासमोरचे लोक सामना स्वतःच बघत असतात. त्यांना हवं असतं एवढंच : सर्व्हिस कोणाची, गुण कोणी मिळवला, बदली म्हणून कोण आलं. पंचांनी सर्व्हिसची शिट्टी दिली की चेंडू मेला असं ठरेपर्यंत माझा माइक बंद. कोणी जखमी झालं तरी मी गप्प. अंदाज सांगणं हे माझं काम नाही.

म्हणजे उरतात फक्त नावं. सामन्याच्या दीड तास आधी दोन्ही संघांच्या याद्या हातात येतात. त्यात पोलिश, व्हिएतनामी, सामोअन, सगळ्या तऱ्हेची आडनावं असतात. मी ती देवनागरीत लिहून घेते. पोलिश आडनावातला ‘डब्ल्यू’ म्हणजे आपला ‘व्ह’. सामोअन नावातला ‘जी’ म्हणजे चक्क ‘ङ’! ‘वाङ्मय’ या शब्दाबाहेर ज्याची आपली कधी गाठ पडली नाही, तो ङ मला ओहायोत उपयोगी पडला. मराठीच्या बाई इथे बसल्या आहेत, त्यांना हे मुद्दाम सांगते. आघात कुठे द्यायचा त्याची खूण मात्र आपल्या लिपीत नाही, म्हणून त्या अक्षराखाली रेघ मारते. तरीही लिपीवर विसंबून चालत नाही. एकाच व्हिएतनामी आडनावाच्या दोन मुली ते दोन तऱ्हांनी उच्चारतात, आणि दोघीही बरोबर असतात. म्हणून ज्याचं नाव त्यालाच विचारायचं.

दोन वर्षांपूर्वी पाहुण्या संघातल्या एका मुलीला मी असंच विचारलं. ती म्हणाली, “तुम्हाला जमेल तसं म्हणा.” हे वाक्य मला ओळखीचं होतं. माझ्या पहिल्या नोकरीत मला न विचारता माझ्या नावाची दोन अक्षरं कापली गेली, आणि पुढे मीही लोकांना हेच सांगू लागले होते. मी तिला म्हटलं, “तुझी आजी कसं म्हणते?” ती हसली आणि सावकाश दोनदा म्हणाली. मी लिहून घेतलं. दुसऱ्या सेटमध्ये ती एका सर्व्हिसपुरती मैदानात आली. मी नाव पुकारलं. तिने वळून पाहिलं नाही, तिचं लक्ष चेंडूवर होतं, आणि तेच योग्य. पण तिच्या संघाच्या बाकावरून टाळ्या आल्या.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आज काही बिघडलं तर उद्या दुरुस्ती पाठवता येते. चार वर्षं घाम गाळलेल्या मुलीचं नाव भर सभागृहात एकदाच पुकारलं जातं, तिथे ती सोय नाही.

आता संयोजकांना एक विनंती. संध्याकाळी आपल्या तुकडीतल्या सगळ्यांना नाव पुकारून मंचावर बोलावणार आहात. यादी शाळेच्या जुन्या पटावरून केली आहे असं कळलं. आमच्यापैकी काहींनी लग्नानंतर नाव बदललं, काहींनी नाही, काहींनी बदलून पुन्हा पहिलं घेतलं. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत यादी घेऊन जरा फिरा आणि प्रत्येकीला विचारा, “तुला कोणत्या नावाने बोलावू?” पाच मिनिटांचं काम आहे. माणूस कमी पडत असेल तर मी आहेच, पेन माझ्याकडे आहे.